बाळ रडलं नाही, तर पुढचं एक मिनिट

नमस्कार. आज बोलायचंय ते न रडलेल्या बाळाला श्वास द्यायच्या व्हीआर सरावाबद्दल, म्हणजे डोळ्यांना हेडसेट लावून आभासी खोलीत करायच्या सरावाबद्दल. इथे बसलेल्या बऱ्याच सिस्टर लेबर रूममध्ये काम करतात, त्यामुळे बाळ रडलं नाही की त्या खोलीत काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. 100 पैकी साधारण 85 बाळं आपली आपण श्वास घेतात, अजून 10 पुसून आणि पाठ चोळून घेतात, राहिली साधारण 5, त्यांना बॅग-मास्क लागतो, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबून श्वास द्यावा लागतो. ही 5 कोणती ते दर वेळी आधी कळतंच असं नाही.

आता हिशेब करा ना. एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, महिन्याला 15 डिलिव्हरी, म्हणजे वर्षाला 180, त्यातली 9 बाळं, आणि ती सगळ्यांच्या ड्यूटीत वाटली गेली की एका सिस्टरच्या वाट्याला दोन-तीन, तीही अवघड केस पुढे पाठवल्या नाहीत तर. आपल्याकडे 2009 पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात ट्रेनिंग दिलं जातं आणि ते चांगलंच आहे, पण सराव नसला की काही महिन्यांत हात विसरतो. हे जगभर दिसलंय, त्यात सिस्टरांची काही चूक नाही.

व्हीआरचं काम इथे आहे असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉ. रेचल उमोरेन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' या, नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत कशी करायची ते शिकवणाऱ्या ट्रेनिंगचं व्हीआर रूप केलं, ते नायजेरियातल्या लागोसमध्ये आणि केनियातल्या बुसियात नर्स आणि मिडवाइफ यांच्यासोबत वापरून पाहिलं, आणि त्याला महागडं सिम्युलेशन सेंटर लागत नाही, स्मार्टफोन आणि साधा स्वस्त हेडसेट पुरतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात लॅब उभी राहील हो, पण बाळ जन्माला येतं ते उपकेंद्रातसुद्धा.

हेडसेट लावला की समोर बाळ दिसतं, निळसर, ढिलं पडलेलं, आणि वेळ पळायला लागते. पुसलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही, आता बॅग. पहिल्या 60 सेकंदांच्या आत श्वास द्यायला सुरुवात झालीच पाहिजे. बॅग दाबली पण छाती वर येत नाही, मग पुढे काय? इथेच माणूस गोंधळतो, आणि घाईत उगाच सक्शन, म्हणजे नळीने तोंड-नाक साफ करत बसतो नाहीतर थेट छाती दाबायला जातो. खरा क्रम काय, मास्क नीट बसवा, मानेची पोझिशन बघा, तोंडात काही आहे का बघून साफ करा, तोंड थोडं उघडा, मग प्रेशर वाढवा. छाती नीट वर येतेय असे 30 सेकंद श्वास देऊनही हार्ट रेट मिनिटाला 60 च्या खालीच राहिला तर छाती दाबायची, तीन दाब आणि एक श्वास. हा निर्णय व्हीआरमध्ये पुन्हा पुन्हा घेता येतो, चुकला तरी कुणाचं बाळ जात नाही, आणि मागे कुणी सीनियर ओरडत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, हात व्हीआरने तयार होत नाही. अंगठा आणि तर्जनीचा सी करून मास्क दाबायचा, बाकी तीन बोटांनी जबडा वर उचलायचा, आणि कडेने हवा सुटतेय का ते बोटांना कळायला लागतं. ते डमीवरच, म्हणजे सरावाच्या बाहुलीवरच येतं. नॉर्वेच्या लेर्डालची निओनॅटली डमी बघा, पाण्याने भरली की अंगाला वजन येतं, आणि फुगा दाबून नाळेचे ठोकेसुद्धा देता येतात. बॅग नीट दाबली तरच तिची छाती वर येते, नाहीतर नाही. म्हणून हेडसेट आला म्हणून डमी कपाटात ठेवू नका. हेडसेटने क्रम आणि धीर पक्का करा, डमीवर बोटं.

आणि वर्कशॉपची वाट बघायची नाही. ड्यूटी बदलताना दहा मिनिटं, दोघींनी मिळून, एकीने फोनवर केस करायची आणि दुसरीने वॉर्मरशेजारची (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाशेजारची) बॅग-मास्क काढून डमीवर. त्याच निमित्ताने बॅगचा व्हॉल्व्ह बसलाय का, 0 आणि 1 नंबरचे दोन्ही मास्क जागेवर आहेत का, हेही बघून होतं, नाहीतर ऐन वेळी मास्क सापडत नाही आणि तिथेच ती 60 सेकंद जातात.

चला, मागच्या टेबलावर दोन डमी आणि तीन हेडसेट ठेवलेत, चार-चार जणी या, ज्यांची आज रात्रपाळी आहे त्या आधी.