मुळव्याधीचं ऑपरेशन झालं, पुढे काय?

नमस्कार मंडळी. ऑपरेशन होऊन सहा महिने, वर्ष झालंय तरी काहीतरी खटकतंय, पण सांगायचं कुणाला, अशांशी आज बोलायचंय.

माझ्याकडे एक एसटी ड्रायव्हर काका आले होते. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, जखम भरलेली, रक्त बंद. पण संडासला बसलं की अर्धा अर्धा तास जोर करायचे आणि शौच व्हायची ती करंगळीपेक्षा बारीक. मिसेस म्हणाल्या, "अहो डॉक्टर, सकाळी ड्युटी असली की हे रात्री जेवतच नाहीत." तपासलं तर जागा एवढी आखडलेली की बोट जाईना. म्हटलं, काका, रात्री काय घेता? "चूर्ण. ऑपरेशनपासून रोज दोन चमचे. कडक झाली तर टाके तुटतील ना साहेब!" इथेच सगळं अडलं होतं. जखम भरताना कातडी आखडतेच, म्हणून तर १९३७ साली लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी जी पद्धत मांडली त्यात गाठी काढताना मधले कातडीचे पट्टे मुद्दाम शाबूत ठेवतात. आणि भरणाऱ्या जागेला रोज थोडा ताण द्यायचं काम नेहमीची बांधलेली शौच करते, रोज जुलाब केले तर तो ताणच पडत नाही. चूर्ण बंद केलं, इसबगोल आणि वर ग्लासभर पाणी, कोमट पाण्याच्या टबात शेक, आणि दवाखान्यात जागा हळूहळू मोठी करत गेलो. दिवाळीला आले ते पोटभर जेवून आले. फारच आखडलं तर बाजूची कातडी आत सरकवून शिवतात, काकांना ती वेळ आली नाही.

आणि आपल्या स्टँडवरचे संडास! इतके घाण की ड्रायव्हर-कंडक्टर, बायका तर विचारूच नका, दिवसभर पाणीच पीत नाहीत. मला याचा खरंच राग येतो.

तर पुन्हा सांगतो, मनाने रोज जुलाबाचं चूर्ण नको. इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या.

गॅस आवरत नाही, कपड्याला डाग पडतो, असं असेल तर लाजू नका, तिथल्या स्नायूला धक्का बसलेला असू शकतो. तपासून घ्या. जागा आवळायची, पाच मोजायचे, सोडायची, हा व्यायाम नेमाने केला की पुष्कळांना फरक पडतो.

आणि चाळिशी उलटलेल्यांनी, परत रक्त दिसलं तर मुळव्याधच उलटली म्हणून मेडिकलमधून मलम आणू नका, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही असंच रक्त जातं, दुर्बिणीने आतडं तपासून घ्या.