बंधाऱ्याखालची उकळी आणि दीर्घिकांची टक्कर

(दृश्य : पंचगंगा, राजाराम बंधारा. पावसाळ्याचं पहिलं पाणी बंधाऱ्यावरून पडतंय. कॅमेरा पायथ्याशी.)

बंधाऱ्यावरून उतरलेलं पाणी पायथ्याशी पातळ आणि वेगवान असतं. चार पावलांवर तेच अचानक फुगतं, मंदावतं, फेसाळतं. मधली रेघ नीट बघा. पाणी वाहून जातं, रेघ मात्र तिथेच राहते. वेगातून सुटलेली ऊर्जा त्या फेसात जिरते.

(दृश्य : रेडिओ नकाशा, काळ्या पार्श्वभूमीवर बारीक कमान.)

दोन दीर्घिकासमूह एकमेकांत घुसले की त्यांच्यातल्या कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूत अशीच रेघ उमटते. हा आघाततरंग, म्हणजेच धक्का. ही रेघ मात्र एका जागी थांबत नाही. वायूतल्या ध्वनीच्या साधारण दोन-तीन पट वेगाने तो बाहेर सरकत जातो. फेसाऐवजी इथे इलेक्ट्रॉन आहेत. चुंबकक्षेत्राच्या गुंत्यात अडकून ते रेघेच्या अलीकडे-पलीकडे हेलपाटे घालतात, दर हेलपाट्याला त्यांची ऊर्जा वाढते, आणि ते रेडिओलहरी सोडू लागतात. या कमानीला म्हणतात रेडिओ रेलिक. २०१० साली जाहीर झालेला ‘सॉसेज’ रेलिक सुमारे ६५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. आपल्या आकाशगंगेची तबकडी जेमतेम लाखभर प्रकाशवर्षांची! त्याआधी, २००६ मध्ये, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी एबेल ३३७६ या समूहाच्या दोन्ही टोकांना असे पट्टे दाखवले होते.

(दृश्य : खोडद, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना. मग कोल्हापुरातली एक खोली, लॅपटॉप.)

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या संग्रहातला जुना डेटा मागवता येतो, म्हणून पुढचं काम कोल्हापुरात बसूनही होतं. आधी मोबाइल आणि विजेच्या तारांचा गोंगाट काढायचा. मग आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, हललेली फेज (लहरींचा ताल) स्थिर करायची. रेलिकवर बसलेल्या दीर्घिकांचे ठिपके वजा करायचे. ते राहिले, तर त्यांचा प्रकाश रेलिकच्या नावावर जमा होतो.

खरी चूक होते ती दोन वारंवारितांच्या नकाशांची तुलना करताना. पसरट उजेड टिपतात त्या जवळजवळच्या अँटेना, आणि अंतर मोजायचं तरंगलांबीच्या पटीत. सर्वांत जवळच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे १०० मीटर अंतर. ४०० मेगाहर्ट्झला ते १३३ तरंगलांब्यांचं भरतं, ६५० ला २१७. म्हणजे वरच्या वारंवारितेला पसरट उजेड दिसतच नाही, आणि वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारिता वाढताना उजेड किती झपाट्याने घटतो तो आकडा, उगाच तीव्र वाटतो. म्हणून दोन्हीकडे २१७ च्या खालचा डेटा टाकून द्यायचा आणि बीम, म्हणजे नकाशातला सर्वांत बारीक ठिपका, सारखा करायचा. डेटा फेकताना जीव तुटतो, पण इलाज नाही.

किती फरक पडतो? धक्का बराच काळ एकसारखा चालला असं धरून, एकूण उताराच्या आकड्यात १ मिळवा, त्याच आकड्यातून १ वजा करून भागा, वर्गमूळ घ्या. येतो तो माख अंक, म्हणजे धक्का ध्वनीच्या किती पट वेगाने जातोय ते. उतार १.२ ला तो ३.३ येतो. चुकून १.४ मोजलात, तर २.४.

(दृश्य : रंगीत उतार-नकाशा.)

बाहेरची कड धारदार, उतार सौम्य. आत जावं तसा उतार वाढतो, कारण आतले इलेक्ट्रॉन धक्का पुढे गेल्यापासून ऊर्जा गमावत आलेत. सुमारे १० कोटी वर्षांत ते या लहरींवर दिसेनासे होतात.

(दृश्य : पुन्हा बंधारा. रेघेपासून दूर, फेस विरळ होत गेलेलं पाणी.)