फोनचं नाव नको, मॉडेल नंबर सांगा

मंडळी, मुलं-नातवंडं अमेरिकेत असलेली घरं या सभागृहात बरीच आहेत, म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. सुट्टीला येताना मुलगा बाबांसाठी फोन आणतो. ‘अनलॉक्ड आहे बाबा, कुठलंही सिम चालेल.’ सिम चालतंही. पण निघालेलं असतं ते फक्त तिथल्या सिम-कंपनीचं कुलूप. आतला रेडिओ ज्या बँडसाठी, म्हणजे लहरींच्या ज्या ठरावीक पट्ट्यांसाठी बांधलाय, त्याच बँडवर तो बोलणार.

आयफोन ६ घ्या. अमेरिकेत बहुतांशी विकला गेला तो मॉडेल नंबर ए१५४९, बाहेरच्या अनेक देशांत ए१५८६. दोन्ही शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण ए१५८६ मध्ये बँड ३८ ते ४१ आहेत, ए१५४९ मध्ये नाहीत. आता २०१६ मध्ये जिओ आलं ते बँड ३, ५ आणि ४० घेऊन, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. ए१५४९ वर फोर-जी दिसतं, पण २३०० वरची सगळी जागा त्याला बंद! एअरटेलनं २०१२ मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं फोर-जी सुरू केलं, तेही २३०० वरच.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगतोच, मला फार आवडते. २०१२ मध्ये ॲपलनं तिथे नवा आयपॅड ‘वायफाय + फोर-जी’ म्हणून विकला. त्यातलं फोर-जी अमेरिकेतल्या बँडचं, आणि तिथल्या टेल्स्ट्रा या फोन कंपनीचं फोर-जी १८०० वर. म्हणजे नाव फोर-जी, मिळणार थ्री-जी. तिथल्या ग्राहक आयोगानं ॲपलला कोर्टात खेचलं, पैसे परत द्यायची तयारी ॲपलला दाखवावी लागली आणि वर साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. नावातलं फोर-जी जाऊन ‘सेल्युलर’ आलं. टाळ्या वाजवायच्या तर त्या आयोगासाठी वाजवा!

आपल्या दुकानात मेगापिक्सेल विचारा, पोरगा तोंडपाठ सांगतो. बँड विचारा. ‘काका, फाइव्ह-जी आहे ना!’ अहो, कुठलं? मला याचा मनापासून राग येतो. खोक्यावर कॅमेरा ठळक छापता, मग बँडही तसेच छापा. पैसे मोजणाऱ्याचा तो हक्क आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बँडांचं गणित सांगायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगतो. वारंवारता कमी असेल तर लहर लांब जाते, भिंतीतूनही बरी शिरते: ७००, ८५०, ९००. कोकणातल्या घाटात, वाडीवर तुम्हाला हेच लागणार. वरच्या बँडांना पल्ला कमी, पण तिथे रुंद पट्टा मिळतो, म्हणून वेग जास्त: २३००, ३३००. आपल्या फाइव्ह-जीसाठी एन७८ बघा, म्हणजे ३३०० च्या पुढचा पट्टा, आणि जिओ असेल तर ७०० चा एन२८ सुद्धा.

सॅमसंगच्या नंबरात शेवटी ‘यू’ असेल तर तो अमेरिकेचा. अमेरिकेतल्या आयफोन १४ ला सिमची खाचच नाही, ई-सिमच, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, घ्यावं लागतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’. मॉडेल नंबरावर बोट टेकवा, ‘ए’नं सुरू होणारा आकडा येईल. मुलाला तो आधी पाठवायला सांगा, बँडांची यादी कंपनीच्या साइटवर ताडून बघा, मगच त्याला पैसे भरू द्या.