रेघ वेगळी, रंग वेगळा

नमस्कार मंडळी. वेबवरच्या नकाशात रेघा आणि रंग कसे द्यायचे, ते आज बघू. पडद्यावर आपल्या बडोद्याचा एकच नकाशा उघडा ठेवू. विश्वामित्री नदी, सुरसागर तलाव, मांडवीभोवतीचं चार दरवाजांचं जुनं शहर आणि काही वॉर्डांच्या सीमा, एवढंच त्यात आहे. नकाशा लीफलेटवर उभा आहे. वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्टची ही मोफत लायब्ररी व्लोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ साली प्रसिद्ध केली.

लीफलेटला काही न सांगता पॉलिगॉन (बंद आकार) काढायला लावला, तर ३ पिक्सेल जाडीची निळी रेघ येते आणि आत त्याच निळ्याची २० टक्के भर. आकार डोळ्यांना दिसावा, म्हणून हे मूळ आकडे ठेवलेत. त्या आकाराचा अर्थ वाचता यावा, हे काम मात्र आपलं आहे.

पुराच्या थरापासून सुरुवात करू. ऑगस्ट २०२४ चा पूर काय होता, हे बडोदेकरांना सांगायला नको. समजा काळा घोडा चौकाच्या आसपास पाणी कुठवर आलं, ते दोघांनी वेगवेगळं टिपलं आणि दोन पॉलिगॉन कडेला एकमेकांवर चढले. फिलओपॅसिटी, म्हणजे भरीची अपारदर्शकता, ०.५ आहे. पहिला थर खालचा निम्मा नकाशा झाकतो, दुसरा उरलेल्याचा निम्मा झाकतो. म्हणजे चढलेल्या भागात ०.७५ इतका गडद निळा. बघणारा म्हणणार, इथे पाणी खोल आहे. प्रत्यक्षात खोलीची नोंदच नाही! अशा नकाशावरून कुणी रस्ता निवडत असेल तर ही चूक साधी नव्हे. रंग फिका करून ती जात नाही. क्यूजीआयएस किंवा मॅपशेपर या नकाशाच्या साधनांमध्ये दोन्ही पॉलिगॉन डिझॉल्व्ह करून एक करा, मगच रंग भरा.

आता वॉर्डांच्या सीमा. इथे जरा थांबू, कारण बहुतेक नकाशे इथेच बिघडतात. सीमा तुटक हवी म्हणून डॅशअ‍ॅरेला ‘८ ६’ दिलं: ८ पिक्सेल रेघ, ६ पिक्सेल मोकळं. बाहेरची कड तुटक आली, पण दोन वॉर्डांमधली सीमा सलग दिसते. असं का? ती सीमा दोनदा काढली जाते, एकदा या वॉर्डाची म्हणून आणि एकदा शेजारच्याची म्हणून. दोघांचे तुकडे वेगवेगळ्या बिंदूपासून मोजले जातात, त्यामुळे एकाची फट दुसऱ्याची रेघ बुजवते. रेघ अर्धपारदर्शक असेल तर आतल्या सीमा बाहेरच्यांपेक्षा गडद दिसतात, तेही याच कारणानं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: भर आणि सीमा एकाच आकारावर लादू नका. वॉर्डांच्या पॉलिगॉनना स्ट्रोक (कडेची रेघ) फॉल्स द्या, फक्त भर ठेवा. मॅपशेपरची इनरलाइन्स ही आज्ञा सामायिक सीमा एकेकदाच काढून देते. ती रेघांची वेगळी फाइल करा. या रेघांसाठी क्रिएटपेननं स्वतंत्र पेन, म्हणजे थर, करून त्याला झेड-इंडेक्स (थरांचा वर-खाली क्रम) ४५० द्या. नेहमीचे आकार ४०० वर आणि मार्कर ६०० वर असतात, म्हणजे सीमा बरोबर मधे बसते. तिला इंटरअ‍ॅक्टिव्ह फॉल्स द्यायला विसरू नका, म्हणजे टॅप तिच्यावर अडणार नाही. बाजूबाजूच्या पॉलिगॉनना स्मूदफॅक्टर ० ठेवा. तो मुळात १ असतो, आणि झूम कमी केला की लीफलेट प्रत्येक आकार स्वतंत्रपणे सोपा करतं. मग शेजाऱ्यांमध्ये बारीक पांढऱ्या फटी पडतात.

तुटक रेघेत आणखी एक गंमत आहे. वेट, म्हणजे रेघेची जाडी, ६ केलं आणि ‘८ ६’ तसंच राहिलं, तर एकट्या रेघेचेही तुकडे एकमेकांना टेकतात. लाइनकॅप, म्हणजे तुकड्याच्या टोकाचा आकार, मुळात गोल असतो. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना जाडीच्या निम्म्यानं, म्हणजे ३ पिक्सेलनं वाढतो. ३ आणि ३ झाले ६, फट संपली. लाइनकॅप बट (सपाट टोक) करा, नाहीतर फट १२ करा. हाच गुण ठिपक्यांच्या रेघेसाठी वापरता येतो: वेट ६, डॅशअ‍ॅरे ‘१ १२’, आणि गोल टोकांमुळे सुबक ठिपके मिळतात.

वॉर्डांचे रंग लोकसंख्येसारख्या आकड्यावरून ठरवायचे असतील तर स्टाइलला फंक्शन द्यायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यात ५०० च्या वर हा रंग, १००० च्या वर तो, अशी उतरंड असते. पण फाइलमध्ये ‘१,२०,०००’ असा स्वल्पविराम घातलेला मजकूर असला, किंवा अंक देवनागरीत असले, तर जावास्क्रिप्टला त्यातून संख्या मिळत नाही. प्रत्येक तुलना खोटी ठरते आणि तो वॉर्ड गुपचूप सगळ्यात फिका होतो. रिकामी नोंदही तिथेच जाऊन पडते. नकाशावर मात्र ‘सर्वात कमी’ असं वाचलं जातं. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत संख्या आहे की नाही ते तपासा, नसेल तर राखाडी द्या आणि सूचीत ‘माहिती नाही’ लिहा.

वेट पिक्सेलमध्ये असतं, मीटरमध्ये नाही. १६ झूमवर (जवळून) शोभणारी ७ पिक्सेलची विश्वामित्री १२ वर (लांबून) जाड नाडीसारखी दिसते. झूमएंडला, म्हणजे झूम बदलून झाल्यावर, सेटस्टाइलनं जाडी बदलून १२ ला २, १४ ला ४, १६ ला ७ असं काहीतरी ठेवा. वर्तुळांचे दोन प्रकार आहेत: सर्कलची त्रिज्या मीटरमध्ये, सर्कलमार्करची पिक्सेलमध्ये.

शेवटी बोटांचं बघू. फोनवर ३ पिक्सेलच्या रेघेवर नेमकं टॅप करणं अवघड जातं. तीच रेघ दुसऱ्यांदा काढा, वेट २०, ओपॅसिटी ०, आणि पॉपअप (माहितीची चौकट) तिला जोडा. एसव्हीजी या चित्रप्रकारात अदृश्य रेघही टॅप घेते, कारण ती काढलेली असते, फक्त पारदर्शक असते. पॉलिगॉनलाही हेच लागू आहे: फिल फॉल्स दिलं तर सुरसागरच्या मधोमध टॅप करून काही उघडणार नाही, फिल ट्रू आणि फिलओपॅसिटी ० दिलं तर उघडेल.