रोहूची खाज

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. आज माशांच्या लशीबद्दल बोलायचंय, पण त्याआधी चला आटपाडीला, आमच्या दाजींच्या शेततळ्यावर.

उन्हाळ्यात दाजींचा फोन आला, "या बघायला, मासं लई खुशीत हायत, उड्या मारत्यात." गेलो. रोहू खरंच उसळत होते, मधूनच तळ्याच्या कागदाला अंग घासत होते. दाजींनी एक धरून दिला. अंगावर लाल चट्टे, आणि मसुराएवढी एक चपटी, हिरवट चकती खवल्यांवरून सरकतेय. मी चष्मा शोधतोय तोवर दाजींच्या आई, म्हणजे आमच्या आत्ती, म्हैस धुता धुता आल्या. "आरं, ही तर गोचीड! खुशीत कसली, खाजतंय त्यास्नी."

तीच माशाची ऊ, आर्ग्युलस. अंगाला चिकटून रक्त पिते. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि टणक जागा गाठते. म्हणून तळ्यात फळ्या सोडल्या. दर रविवारी काढायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या. पहिल्याच रविवारी एक फळी कमी भरली. ती आत्तींच्या चुलीत गेली होती. त्या फळीवरची अंडी मात्र नक्की मेली!

(रोहूला काटे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी जेवायला बोलवत नाही. काट्यामुळं माणूस सावकाश जेवतो.)

तर आत्तींचा 'गोचीड' शब्द धरून ठेवा. जनावरांच्या गोचिडावर लस 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि क्युबात बाजारात आली. गोचिडाच्या आतड्यातलं एक प्रथिन गाईला टोचायचं. गाईच्या रक्तात त्या प्रथिनावर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार होतात, ते रक्त प्यायलं की गोचिडाचंच आतडं बिघडतं. पुन्हा सांगतो, सुई गाईला, दणका गोचिडाला. माशाच्या उवेवर हेच जमतंय का, यावर भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत रोहूवर काम झालंय.

माशांच्या जिवाणूंवरची लस अमेरिकेत 1976 पासून आहे. परजीवींचं, म्हणजे उवेसारख्या दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्यांचं, अवघड. माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही परजीवीमुळंच होतो. त्यातून वाचलेल्या माशाला प्रतिकारशक्ती येते, पण तो परजीवी जिवंत माशाशिवाय वाढत नाही. मग लशीला माल आणायचा कुठून?

नॉर्वेत सॅल्मन माशाला एकेक करून लशीची सुई टोचतात, हे दाजींना सांगितलं. ते तळ्याकडं बघत गप्प. आत्ती म्हणाल्या, "ह्या म्हशीला टोचायला चौघं लागत्यात, त्याला धरायचं कुठं?"