फसण्यात मुरलेला जादूगार

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून जादू दाखवता येत नाही. फसलेली जादू मात्र सांगता येते, आणि फसण्यावरच आयुष्यभर पोट भरलेला एक जादूगार होऊन गेला. कार्ल बॅलंटाइन.

जन्म 1917 चा, शिकागोचा. खरं नाव मायर केसलर. नऊ वर्षांचा असताना तो केस कापायला जायचा, तेव्हा न्हावी त्याला हातचलाखी दाखवायचा. शिंपी बोटात घालतात ना, ती अंगुस्तानं! क्षणात बोटावर, क्षणात गायब. पोरगं खुर्चीत गप्प बसावं एवढाच बिचाऱ्याचा हेतू असणार. पोराला मात्र नाद लागला तो कायमचा.

सुरुवातीला त्यानं सरळ, गंभीर जादू केली. पण त्या काळात एकापेक्षा एक सफाईदार हात रंगमंचावर होते आणि आपला हात त्या तोडीचा नाही, हे त्याला उमगलं. अशातच एकदा प्रयोग फसला. सावरायला तोंडाला येईल ते बोलत सुटला, आणि लोक पोट धरून हसले! मग त्यानं फसणंच पक्कं केलं. बॅलंटाइन हे नावही उचललं कुठून, तर व्हिस्कीच्या जाहिरातीतून.

आता डोळ्यांसमोर आणा: अंगात लांब शेपट्यांचा काळा कोट, ऐट अशी की जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार हाच. आणि एक प्रयोग धड होईल तर शपथ! तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. या कोटावरही त्याचा विनोद असायचा, की प्रयोग मेलाच, तर मयताला साजेसे कपडे अंगावर आहेतच.

हे दिसतं तेवढं सोपं नाही बरं. आमच्या शाळेत आलेल्या एका जादूगाराचं कबुतर वेळेआधीच बाहीतून डोकावलं होतं. आम्ही खदाखदा हसलो, तो रडवेला झाला. बॅलंटाइन असता तर त्यानं कबुतरालाच झापलं असतं.

1956 मध्ये तो लास व्हेगासला एल रँचो व्हेगास या हॉटेलात झळकला. त्या शहरात कार्यक्रम करणारा पहिला जादूगार तोच, असं सांगतात. पुढे 1962 ते 66 ‘मॅकहेल्स नेव्ही’ या टीव्ही मालिकेतल्या ग्रुबरच्या भूमिकेनं तो घराघरांत पोचला. 2009 मध्ये, 92 व्या वर्षी, हॉलिवूडच्या घरी झोपेतच गेला.

घोड्यांच्या शर्यतींचा षौक दांडगा. दोन मुली, साराटोगा आणि कॅलिएंते. दोन्ही नावं रेसकोर्सची! बायकोनं कशी ठेवू दिली, देव जाणे. पण ती, सील कॅबट, स्वतःच विनोदी अभिनेत्री होती.

नमस्कार.