आजच्या नकाशावर नसलेलं गाव: पोलिश घराण्याचा माग कसा काढायचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या वळीवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि लेकरं. छावणी उठली आणि नंतर तिथे आजचं गांधीनगर वसलं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण ही माणसं पोलंडमधल्या नेमक्या कुठल्या गावातून आली होती? त्यांच्या नातवंडांनाही हाच प्रश्न पडतो. आजी गावाचं नाव सांगून गेलेली असते, पण आजच्या पोलंडच्या नकाशावर ते काही केल्या सापडत नाही.

सापडणार कसं? यातल्या बहुतेकांची गावं पूर्व पोलंडात होती आणि तो भाग आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. हातात कागद कुठल्या सालचा आहे ते आधी बघा, आणि त्या वेळी तिथे ज्याचं राज्य होतं त्याचा नकाशा उघडा. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. मग थेट १९१८ पर्यंत नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. त्यामुळे एकाच गावाची नोंद पणजोबांच्या वेळी रशियन लिपीत, आजोबांच्या वेळी पोलिशमध्ये आणि आज युक्रेनियनमध्ये असू शकते. रूवने हे शहर घ्या. पोलिशमध्ये रूवने, रशियनमध्ये रोव्नो, आता रिव्ने. शहर एकच आहे!

आता एक उदाहरण नीट बघू. समजा छावणीच्या कागदावर लिहिलंय, 'ओसादा क्रेहोव्येत्स्का'. तुम्ही शोधायला बसलात आणि 'क्रेहोव्त्से' हे नाव लगेच सापडलं, स्तानिस्वावूवच्या अगदी लगत. त्या शहराला आज इव्हानो-फ्रांकिव्स्क म्हणतात. वाटतं, झालं काम. पण हे चुकीचं गाव आहे.

'ओसादा' म्हणजे वसाहत. १९२० च्या पोलिश-सोव्हिएत युद्धानंतर माजी सैनिकांना पूर्वेकडे जमिनी दिल्या गेल्या, त्यातून अशा वसाहती उभ्या राहिल्या. ही वसाहत क्रेहोव्त्सेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडदळाच्या रेजिमेंटमधल्या सैनिकांची. रेजिमेंटला ते नाव मिळालं १९१७ च्या क्रेहोव्त्सेच्या लढाईवरून, आणि वसाहतीला रेजिमेंटवरून. वसाहत मात्र होती रूवनेजवळ, वोविन प्रांतात. म्हणजे नावातल्या गावापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब! १० फेब्रुवारी १९४० ला सोव्हिएत सत्तेने पहिली मोठी हद्दपारी केली, तेव्हा अशाच वसाहतींमधली कुटुंबं आणि वनखात्यातल्या माणसांची कुटुंबं उत्तरेकडे आणि सायबेरियाकडे धाडली गेली. आज त्या नावाची वसाहत तुम्हाला नकाशावर दिसणार नाही.

(स्क्रीनवर: १ लाखाचा नकाशा)

मग ती दिसते कुठे? पोलंडच्या लष्करी भूगोल संस्थेच्या नकाशांवर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या संस्थेने अख्ख्या देशाचे १ लाखास १ या प्रमाणाचे नकाशे काढले. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. प्रत्येक पानावर दोन आकडे असतात, 'पास' म्हणजे आडवी ओळ आणि 'स्वुप' म्हणजे उभा रकाना. हे नकाशे स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत आणि ते फुकट बघता येतात. 'मापस्टर' या पोलिश संकेतस्थळावर त्यांच्यासोबत जर्मन, ऑस्ट्रियन आणि रशियन नकाशेही आहेत.

पान उघडलं की लगेच गाव शोधत बसू नका. आधी न हलणारी गोष्ट धरा. रूवनेहून उत्तरेला सार्नीकडे जाणारी रेल्वे तेव्हाही होती, आजही आहे. होरिन नदीही आहे. रेल्वे आणि नदी दोन्ही नकाशांवर जुळवून घेतली, की मधली बारीक अक्षरं वाचायची. मला या अक्षरांचा फार लळा आहे. 'कोल.' म्हणजे कोलोनिया, मूळ गावाबाहेर वसलेली वस्ती. 'फव.' म्हणजे फोल्वार्क, जमीनदाराची शेतवाडी. 'गाय.' म्हणजे गायूव्का, वनरक्षकाचं घर. आजी म्हणाली असेल, 'आमचं घर रानात एकटंच होतं', तर गायूव्काच शोधायची. कारण अशा घराला गावाचं नाव नसतंच.

एकाच नावाची ढीगभर गावं हा दुसरा ताप. आपल्याकडे वडगाव किती आहेत बघा, आणि त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. पोलिशमध्येही अगदी असंच आहे: 'व्येल्का' म्हणजे बुद्रुक आणि 'मावा' म्हणजे खुर्द. 'नोवा व्येश' म्हणजे सरळ नवेगाव, आणि ती पोलंडभर आहेत. म्हणून नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नका. पोव्यात, म्हणजे तालुक्यासारखा विभाग, तो कागदावर शोधा. शेजारच्या गावाचं नाव मिळालं तर सोन्याहून पिवळं.

कुटुंब गालिशियातलं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागातलं असेल तर काम सोपं होतं. हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, लष्कराच्या मोजणीचे नकाशे 'आर्कॅनम मॅप्स' या संकेतस्थळावर आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: जुन्या ऑस्ट्रियन नकाशावरचे रेखांश ग्रीनिचपासून नाही, तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटापासून मोजलेले असतात. त्यातून १७ अंश ४० मिनिटं वजा करा, नाहीतर तुमचं गाव पार रशियात जाऊन पडेल.

गाव सापडलं की त्याच पानावर चर्च शोधा. जन्म-मृत्यूच्या नोंदी चर्चच्या दप्तरात असायच्या, आणि छोट्या वस्तीला स्वतःचं चर्च नसायचं. त्यामुळे रविवारी माणसं कुठल्या गावाला जात असतील, हे नकाशावरच्या रस्त्यांवरून ताडायचं. एकाहून जास्त चर्च असतील तर कुटुंब रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक की ऑर्थोडॉक्स हेही बघायला लागतं. चर्चच्या गावाचं नाव हाती आलं, की मगच वॉर्सातल्या दप्तरखान्याकडे वळा. बुग नदीपलीकडच्या, म्हणजे आता पोलंडबाहेर पूर्वेला गेलेल्या गावांची बरीच दप्तरं तिथे जपून ठेवली आहेत, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो चर्चच्या गावाचाच.

पुढच्या व्हिडिओत अशाच एका दप्तराचं पान उघडून ओळ न् ओळ वाचू. तोवर तुमच्या ओळखीत वळीवड्याच्या छावणीतलं कुणी असेल, तर त्यांच्या तोंडून गावाचं नाव रेकॉर्ड करून ठेवा, अगदी ते उच्चारतात तसंच.